वडिलोपार्जित शेताची वांटणी : बांध घालण्यापूर्वीं विचारांत घ्यावयाच्या गोष्टी

मशागत कशी करावी, बीं कोणतें निवडावें, खत केव्हां घालावें, या विषयांवर शेतकी मासिकांतून पुष्कळ लेख येतात व ते येणें इष्टच आहे. परंतु ज्या जमिनीवर ही सारी मेहनत करावयाची ती जमीन आपल्या मागें कोणाच्या हातीं, किती मोठी व कोणत्या स्थितींत राहणार, हा विचार शेतकऱ्याच्या घरीं बहुधा अखेरपर्यंत पुढें ढकलला जातो. बापानें हा विषय काढला तर तें अशुभ वाटतें. मुलांनीं काढला तर तो लोभ ठरतो. मुलींनीं काढला तर माहेर तुटेल अशी त्यांस भीति. याप्रमाणें सर्वजण गप्प राहतात, आणि जो विचार मोकळ्या मनानें ओसरीवर बसून व्हावयाचा तो पुढें कचेरीच्या व्हरांड्यांत, रागाच्या भरांत होतो.

आमचें आयुष्य महसूल खात्यांत फेरफाराच्या नोंदी लिहिण्यांत व तपासण्यांत गेलें. शेतकऱ्यांच्या घरांतील कलह जसे आमच्या टेबलावर येत, तसे ते फारच थोड्यांच्या पाहण्यांत येत असतील. त्यांतून एक गोष्ट आमच्या मनांत पक्की झाली ती ही कीं, जमीन बहुतकरून एकदम जात नाहीं. ती आधीं तुकड्यांनीं निकामी होते, मग कोर्टखर्चानें कर्जांत बुडते, आणि शेवटीं विकली जाते. यास्तव जमिनीचा बचाव म्हणजे केवळ ताली घालणें व झाडें लावणें नव्हे. वांटणी कशी करावी हाहि त्याचाच अर्धा भाग आहे. या दोहोंचा एकत्र विचार करण्याचें या लेखांत योजिलें आहे.

तुकडे कसे पडत आले

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची बारकाईनें पाहणी केली व ती १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. त्या गांवांत दर खातेदारामागें सरासरी जमीन १७७१ सालीं सुमारें ४० एकर होती. १८१८ सालीं ती साडेसतरा एकरांवर आली. १८४० च्या सुमारास १४ एकर राहिली. आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर भरली. गांवची शिवार तीच होती. वांटे मात्र वाढत गेले. आज तें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून जेथें शेतें होतीं तेथें उंच इमारती उभ्या आहेत. शहर जवळ आलें म्हणून जमीन गेली हें खरें. पण ज्या शेतकऱ्याजवळ चार ठिकाणीं चार लहान तुकडे असतात, त्याच्या अंगीं नाहीं म्हणण्याचें बळ राहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

हीच गोष्ट सबंध राज्याच्या आंकड्यांत दिसते. कृषिगणनेप्रमाणें १९७०-७१ सालीं महाराष्ट्रांत सुमारें साडेएकोणपन्नास लक्ष वहितीचीं खातीं होतीं व सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ च्या गणनेंत खात्यांची संख्या सुमारें १ कोटि ५३ लक्ष झाली व सरासरी १.३४ हेक्टरांवर उतरली. पंचेचाळीस वर्षांत खातीं तिपटीवर गेलीं आणि क्षेत्र एकतृतीयांशाहूनहि कमी झालें. ज्यांनीं हा लेख हातीं घेतला आहे त्यांनीं आपल्या आजोबांचा उतारा व आपला उतारा शेजारीं ठेवून पाहावा, म्हणजे हे आंकडे परक्याचे वाटणार नाहींत.

बांधाखालीं किती जमीन जाते

आतां एक हिशेब करूं. चार एकरांचें एक चौरस शेत घ्या. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. तेव्हां या शेताची प्रत्येक बाजू सुमारें ४१७ फूट भरेल. कर्ता पुरुष वारला. मागें पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. चौघांचे चार उभे पट्टे पाडले, तर प्रत्येक पट्टा ४१७ फूट लांब व १०४ फूट रुंद होतो. मध्यें तीन नवे बांध पडले. बांधाची रुंदी चार फूट धरली, तर सुमारें साडेचार गुंठे जमीन बांधाखालीं गेली. एवढ्यानें कोणाचें नुकसान वाटत नाहीं.

पण पुढील पिढींत प्रत्येक पट्ट्याचे पुन्हां चार वांटे झाले असें समजा. आतां सोळा पट्टे व पंधरा बांध झाले. बांधाखालीं २३ गुंठे गेले. म्हणजे १६० गुंठ्यांपैकीं जवळजवळ सातवा हिस्सा कोणाच्याहि पिकाचा राहिला नाहीं. प्रत्येकाचा पट्टा २६ फूट रुंद, त्यांतून बांध वजा जातां २२ फूट. एवढ्या चिंचोळ्या पट्टींत औत किंवा ट्रॅक्टर आडवा फिरवितां येत नाहीं, विहीर पाडण्यास जागा नाहीं, आणि शेजाऱ्यानें दरवर्षीं बांध वीतभर कोरला तर थोड्या वर्षांत पट्टी अंगणाएवढी होते. बांध कोरण्यावरून झालेल्या मारामाऱ्यांचे कागद आम्हीं जितके पाहिले, त्यांपैकीं बहुतेकांत वादाची जमीन वकिलाच्या फीपेक्षां कमी किंमतीची होती.

उभी वांटणी व वाहून जाणारी माती

वरील नुकसान डोळ्यांस दिसतें. दुसरें एक नुकसान दिसत नाहीं व तें अधिक मोठें आहे. आमच्या देशावरच्या शेताला बहुधा एका बाजूनें उतार असतो. माथ्याची जमीन हलकी, मुरमाड. पायथ्याची भारी व काळी. वांटणीच्या वेळीं प्रत्येकजण म्हणतो कीं, मला थोडी भारी व थोडी हलकी, दोन्ही पाहिजेत. वरची वाटहि पाहिजे व खालचा ओढाहि पाहिजे. म्हणून पट्टे माथ्यापासून पायथ्यापर्यंत उभे पाडतात. हा न्याय वरकरणी चोख दिसतो. परंतु पट्टा उभा पडला कीं नांगरहि उभाच चालतो, सऱ्या उताराच्या दिशेनें पडतात, आणि पावसाचें पाणी त्या सऱ्यांतून मातीसह ओढ्याकडे धांव घेतें. वाडवडिलांनीं उताराला आडव्या घातलेल्या ताली मधोमध तोडल्या जातात. एका भावानें आपल्या भागांतील ताल राखली व दुसऱ्यानें मोडली, तर मोडलेल्या जागेंतून पाणी फुटून दोघांचींहि शेतें धुपतात. एक बोटभर सुपीक माती तयार होण्यास कित्येक पिढ्या लागतात. ती एका वळवाच्या पावसांत जाऊं शकते.

यावर उपाय असा आहे कीं, वांटणी करणेंच भाग असेल तर ती उताराला आडवी करावी, व दोन हिश्शांमधली हद्द तीच ताल धरावी. म्हणजे हद्दीचा बांध हाच पाण्याचा बांध होतो व त्याची डागडुजी दोघांच्याहि हिताची ठरते. जादा पाण्यास सांडवा कोठें काढावयाचा तो आधींच दगडांनीं पक्का करावा, नाहींतर वरच्याचें पाणी खालच्याच्या उभ्या पिकांत शिरून नवें भांडण उत्पन्न होतें. शेताच्या एका कडेनें माथ्यापासून पायथ्यापर्यंत गाडी जाईल एवढी वाट सर्वांच्या समाईकींत सोडावी. राहिला प्रश्न हलक्या व भारी जमिनीचा. तो जमिनीची पट्टी कापून सुटत नाहीं, मोलानें सुटतो. माथ्याचा वांटा घेणारास क्षेत्र अधिक द्यावें, किंवा राहतें घर, गोठा, गुरें, पाइपलाइन अशा दुसऱ्या जिनसांत भर घालून द्यावी. मोजणी करावयाच्या आधीं गांवांतील दोन जाणते शेतकरी घेऊन जमिनीच्या प्रती ठरवून घ्याव्यात. भाऊबंदांना परक्याचा निवाडा आपसांतल्या निवाड्यापेक्षां लवकर पटतो.

विहीर, शेततळें, वीजपंप व वाट यांचे तुकडे कधींच पाडूं नयेत. हीं समाईकींत ठेवून प्रत्येकाच्या पाळीचे दिवस, वीजबिलाचा व गाळ काढण्याचा खर्च कागदावर मांडावा. ज्या वांटणीच्या कागदांत पाण्याची पाळी व वाट लिहिलेली नाहीं, तो कागद अर्धाच समजावा.

कायदा काय म्हणतो

तुकड्यांचें अनिष्ट ओळखूनच मुंबई सरकारनें १९४७ सालीं तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला. तो फेरबदलांसह आजहि महाराष्ट्रांत चालू आहे. शेतीच्या जमिनीचें कमींत कमी किती क्षेत्र असावें हें प्रमाणभूत क्षेत्र शासन ठरवितें. २०२३ सालीं राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांकरितां तें बागायतीस १० गुंठे व जिरायतीस २० गुंठे असें ठरविण्यांत आलें. त्याहून लहान तुकडा पडेल अशी विक्री किंवा वांटणी त्या कायद्याच्या आठव्या कलमानें मना केली आहे. वरील उदाहरणांतले सोळा पट्टे प्रत्येकीं दहा गुंठ्यांचे होतात. शेत जिरायत असेल तर ती वांटणी मुळांत करतांच येणार नाहीं. अशा वेळीं काय करावयाचें तेंहि याच कायद्याच्या कलम ८अअ मध्यें सांगितलें आहे : ज्यास जमीन देतां येत नाहीं त्यास त्याच्या हिश्शाचें मोल पैशांत द्यावें, जमीन कोणीं घ्यावी व पैसे कोणीं घ्यावेत हें हिस्सेदारांनीं आपसांत ठरवावें, न ठरल्यास चिठ्ठ्या टाकून ठरवावें. जें चिठ्ठीवर सोडावें लागतें तें सलोख्यानें आधींच कां ठरवूं नये?

दुसरी गोष्ट वारसांची. हिंदु कुटुंबांस १९५६ चा हिंदु उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्या अन्वयें मयताची पत्नी, मुलगे, मुली व आई हे पहिल्या वर्गाचे वारस होत व त्यांचे हिस्से समान असतात. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाप्रमाणें जन्मतःच हक्क देणारी दुरुस्ती ता. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलांत आली. आणि त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें निर्णायकपणें सांगितलें. ता. २० डिसेंबर २००४ पूर्वीं जी वांटणी नोंदणीकृत दस्तानें किंवा कोर्टाच्या हुकुमानें होऊन चुकली, ती मात्र या दुरुस्तीनें उलटत नाहीं. आमच्या चार एकरांच्या उदाहरणांत जमीन स्वकष्टाची असो वा वडिलोपार्जित, हिशेब करतां पत्नी, दोन मुलगे व मुलगी यांस प्रत्येकीं चौथा हिस्साच येतो. इतर धर्मीयांस त्यांचे त्यांचे वारसाचे नियम लागू आहेत, ते त्यांनीं जाणत्यास विचारून घ्यावेत.

येथें आम्हांस थोडें स्पष्ट बोलणें भाग आहे. वडील वारल्यावर बहिणींस गाडींत बसवून आणावें, कागद काय आहे हें न सांगतां हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यावा व साडीचोळी देऊन परत पाठवावें, ही रीत अनेक गांवीं चालू आहे. कांहीं उताऱ्यांवर बहिणींचीं नांवें कब्जेदारांत न लावतां इतर हक्कांत टाकलेलीं असतात. यानें वांटा वांचला असें भावांस वाटतें. पण वीस वर्षांनीं, जमिनीला भाव आल्यावर, त्या बहिणीच्या मुलांचा दावा उभा राहतो व तोंवर घातलेली ताल, खणलेली विहीर व लावलेली बाग सर्वच वादांत सांपडतें. बहिणीस सर्व समजावून सांगून, तिची खुषी असेल तरच व तिला योग्य तो मोबदला देऊन केलेलें नोंदणीकृत हक्कसोडपत्र हेंच टिकतें. फसवून घेतलेल्या सहीवर कोणीं घर बांधूं नये.

चार वाटा

घरोघर परिस्थिति निरनिराळी असल्यामुळें एकच उपाय सर्वांस सांगतां येत नाहीं. आम्हांस दिसतात त्या चार वाटा अशा.

पहिली, जमीन न वांटतां उत्पन्न वांटणें. उताऱ्यावर सर्व वारसांचीं नांवें लागावीं, वहिवाट एकानें किंवा दोघांनीं करावी, आणि दरसाल खर्च वजा जातां ठरलेला हिस्सा प्रत्येकास मिळावा. कसणाऱ्याच्या मेहनतीची मजुरी आधीं बाजूस काढावी, मग वांटे करावेत. नाहींतर शेतांत राबणारा व शहरांत राहणारा यांस सारखेंच दिल्यासारखें होऊन कसणारा कंटाळतो. या वाटेनें जमीन अखंड राहते. मात्र जमाखर्चाची वही चोख पाहिजे. वही नसेल तर संशय येण्यास एक हंगाम पुरे होतो.

दुसरी, जो कसणार त्यानें जमीन घ्यावी व इतरांचें मोल फेडावें. एकदम रक्कम देणें बहुधा शक्य नसतें. म्हणून पांच-सात वर्षांचे हप्ते लेखी ठरवावेत. भाव ठरवितांना जवळच्या शहराचा प्लॉटाचा भाव धरला तर शेती करून तो फिटणार नाहीं, आणि फारच कमी धरला तर बाकीच्यांवर अन्याय होईल. याचा तोड असा काढतां येतो कीं, भाव शेतीचा धरावा, परंतु घेणारानें अमुक वर्षांच्या आंत जमीन बिगरशेतीस विकली तर जादा आलेल्या रकमेंतून इतरांस त्यांच्या हिश्शाप्रमाणें द्यावें, असा करार लिहून ठेवावा. यानें भावास शेत मिळतें, आणि बहिणीस आपली फसवणूक झाली असें वाटत नाहीं.

तिसरी, वर सांगितल्याप्रमाणें आडवी वांटणी. पण ती प्रत्येकाच्या वाट्यास औत फिरेल व पीक परवडेल एवढें क्षेत्र येत असेल तरच.

चौथी, एखाद्या वारसास आपला हिस्सा विकावयाचाच असेल तर तो घरांतल्यांनींच घेणें. मृत्युपत्र नसतां वारसानें मिळालेल्या जमिनींत पहिल्या वर्गाच्या एका वारसानें आपला हिस्सा विकावयास काढला, तर तो घेण्याचा पहिला अधिकार इतर सहवारसांस आहे असें १९५६ च्या कायद्याचें बाविसावें कलम सांगतें. आणि तें शेतजमिनीसहि लागू आहे असा सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं निर्णय दिला. हें कलम पुष्कळांस ठाऊक नसतें, आणि परका मनुष्य एक हिस्सा घेऊन मधोमध येऊन बसतो.

मृत्युपत्राविषयीं

मनुष्य आपल्या स्वतःच्या मिळकतीचें, तसेंच एकत्र कुटुंबांतील आपल्या हिश्शाचें मृत्युपत्र करूं शकतो. दुसऱ्यांच्या हिश्शाचें करूं शकत नाहीं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकट्याचें नांव उताऱ्यावर आहे, एवढ्यावरून सर्व जमीन आपलीच समजून केलेलीं मृत्युपत्रें आम्हीं पाहिलीं आहेत; त्यांचा उपयोग वकिलांसच झाला. मृत्युपत्रावर करणाराची सही व निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाहीं, तथापि ती करावी हें बरें. ज्यास लाभ होणार त्यास साक्षी करूं नये, व वय फार झालें असेल तर डॉक्टरचा दाखला जोडावा. मुसलमान कुटुंबांत मृत्युपत्रानें साधारणतः एकतृतीयांशच मिळकत देतां येते, हेंहि लक्षांत ठेवावें.

मृत्युपत्रांत कोणास किती दिलें एवढेंच न लिहितां कां दिलें तेंहि चार ओळींत लिहावें. थोरल्यास शेत कां दिलें, धाकट्याच्या शिक्षणास काय लागलें, मुलीस काय दिलें, पत्नीच्या पोटापाण्याची तजवीज काय, हें बापाच्या शब्दांत वाचावयास मिळालें म्हणजे पुष्कळ राग शमतो. पत्नीस विसरणें हा तर मोठाच अन्याय होय. जिच्या हातून निंदणी-खुरपणी झाली तिला म्हातारपणीं दोन घरच्या पाळ्यांवर जेवावें लागूं नये.

जमीन कधींच विकूं नये असें लिहितां येईल काय?

हा प्रश्न आम्हांस अनेक वृद्ध शेतकरी विचारतात, व त्यामागची तळमळ आम्ही जाणतों. अमेरिकेंत शेताचा मालक आपल्या जमिनीवर घरें बांधण्याचा हक्क कायमचा सोडून तो एखाद्या विश्वस्त संस्थेकडे देऊं शकतो. मग जमीन कोणाच्याहि हातीं गेली तरी ती शेतीच राहते. आमच्याकडे सामान्य शेतकऱ्यास सहज चालतां येईल अशी तसली रूढ वाट नाहीं. उलट १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या दहाव्या कलमाचें तत्त्व असें आहे कीं, पूर्ण मालकी देऊन वर कधींहि विकूं नये अशी सरसकट अट घातली, तर मालकी राहते व अट पडते. यास्तव नुसत्या शब्दांवर भरंवसा ठेवूं नये.

मग उपाय काय? जें कायद्याच्या अटीनें साधत नाहीं तें गांवच्या एकमतानें साधूं शकतें, याचें उदाहरण नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें आहे. त्या दुष्काळी गांवानें १९९० नंतर चर खणले, बांध घातले, झाडें राखलीं. पण तेवढ्यावर न थांबतां शेतीस विंधन विहिरीचें पाणी घ्यावयाचें नाहीं, ऊसासारखीं फार पाणी पिणारीं पिकें करावयाचीं नाहींत, आणि गांवची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाहीं, असे नियम ग्रामसभेंत ठरवून पाळले. दरसाल पाऊस किती पडला तें मोजून पाण्याचा जमाखर्च मांडावयाचा व त्यावरून पिकें ठरवावयाचीं, अशी तेथें रीत आहे. हिस्सा लहान असूनहि जमीन टिकली, कारण तिच्यांत पाणी राहिलें. मुलें जमीन विकतात तीं बहुधा तिच्यावर प्रेम नाहीं म्हणून नव्हे, तर तिच्यांत पोट भरत नाहीं म्हणून. बापानें हयातींत जमिनीची माती व पाणी राखलें, तर मुलांस ती राखण्याचें कारण उरतें. हीच सर्वांत बळकट अट होय.

कागद नीट ठेवण्याविषयीं

आतां कचेरीच्या बाबी थोडक्यांत सांगतों. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आंत वारसाची वर्दी तलाठ्याकडे द्यावी. या हुद्द्याचें नांव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असें झालें आहे. वारसांत सर्व मुलींचीं व पत्नीचें नांव लिहावें. एकहि नांव गाळूं नये. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते, ती फुकट दवडूं नये. फेरफार म्हणजे मालकी नव्हे हें नीट समजावें. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें उताऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. पण मालकीचा खरा निकाल दस्तावर व दिवाणी कोर्टांत होतो.

सर्व सहधारकांची संमति असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणें तहसीलदाराकडे अर्ज करून वांटणी करून घेतां येते. तोंडी वांटणीवर, किंवा साध्या कागदावरच्या सह्यांवर, विसंबूं नये. वांटणी झाल्यावर भूमि अभिलेख खात्याकडून पोटहिश्शाची मोजणी करून नकाशा घ्यावा व हद्दीचे दगड रोवावेत. जमीन भोगवटादार वर्ग दोनची किंवा नव्या शर्तीची असेल तर परवानगी लागेल काय तें आधीं विचारावें. वाट अडविली गेली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वये दाद मागतां येते. परंतु वाट दस्तांतच लिहिलेली असली तर ती पाळी बहुधा येत नाहीं.

आरंभ कसा करावा

एका गांवीं आम्हीं पाहिलेली रीत येथें सांगण्याजोगी वाटते. एका वृद्ध शेतकऱ्यानें आपण धडधाकट असतांनाच दिवाळींत, सर्व मुली माहेरीं आल्या असतां, जांवयांसह सर्वांस शेतावर नेलें. कोणती ताल कोणी घातली, विहिरीस पाणी कोणत्या झऱ्याचें, पावसाचें पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें चालत चालत दाखविलें. नंतर प्रत्येकास एकच प्रश्न विचारला : माझ्या मागें या जमिनीचें काय व्हावें असें तुला वाटतें? उत्तरें निरनिराळीं आलीं. एका मुलास शेती नकोच होती. एका मुलीस पैसा नको, पण आंब्याच्या झाडाखालीं बसण्याचा हक्क पाहिजे होता. धाकट्यास सर्व कसावयाचें होतें, परंतु मागण्याचा संकोच होता. त्या दिवशीं कांहींच ठरलें नाहीं. पण पुढें दोन वर्षांत जो कागद झाला तो सर्वांच्या संमतीचा होता, आणि तो कचेरींत आला तेव्हां त्यावर एकहि हरकत आली नाहीं.

आमची वाचकांस विनंति एवढीच कीं, हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आपला सातबारा व आठ-अ काढून त्यांवरील नांवें वाचून पाहावीं. मयतांचीं नांवें अजून चालू आहेत काय, बहिणींचीं नांवें कोठें आहेत, विहिरीची व वाटेची नोंद आहे काय, एवढें तरी पाहावें. मग येत्या सणास सर्व घर एकत्र जमेल तेव्हां शेतावर एक फेरी मारावी व बोलण्यास सुरुवात करावी. माती राखण्यास जशी ताल पावसाच्या आधीं घालावी लागते, तशीच ही व्यवस्थाहि वेळ येण्याच्या आधींच करावी लागते.